मालक निवृत्त होतोय आणि कारखाना कामगारांनी घ्यायचाय: कोणत्या क्रमाने काय करायचं

कुपवाड, मिरज, पलूस, साताऱ्याची जुनी एमआयडीसी, कराडजवळची तासवडे. या सगळ्या वसाहतींत पंचवीस-तीस वर्षांपूर्वी लेथ, मिलिंग मशीन किंवा छोटी फौंड्री टाकणारे मालक आता थकलेत. मुलं पुण्यात नोकरीला आहेत आणि कारखान्यात परत यायचं नाही म्हणतात. अशा वेळी मालक जुन्या फोरमनला बोलावून सांगतो, "तुम्हीच घ्या की चालवायला." प्रस्ताव चांगला असतो आणि कामगारांची तयारीही असते. गडबड होते ती पुढच्या पंधरा दिवसांत. आधी 'सबसिडी किती बसते' याची चौकशी होते, मग मालकाला टोकन दिलं जातं, मग संस्था काढायची ठरते, आणि थकीत पीएफ व बँकेचा बोजा सगळ्यात शेवटी समोर येतो. हा क्रम नेमका उलटा आहे. देणी आधी, किंमत नंतर, मग संस्था, मग कर्ज आणि सगळ्यात शेवटी ताबा, हाच क्रम ठेवा.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. 'कामगारांनी धंदा विकत घ्यावा' या नावाची एखादी सरकारी योजना नाही. मदत आहे, पण विखुरलेली: सहकार कायद्यात, आयकराच्या सवलतीत, कर्जाच्या हमीत, राष्ट्रीय सहकार विकास निगमच्या व्याजसवलतीत. यातली जवळजवळ प्रत्येक मदत नोंदणी झालेल्या संस्थेला मिळते, सुट्या पंधरा कामगारांना मिळत नाही.

## टप्पा १: कायदेशीर साचा ठरवा

पहिल्या बैठकीत फक्त एवढाच विषय घ्या. पर्याय तीन-चारच आहेत.

औद्योगिक सहकारी संस्था. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदणी. भाग (शेअर) कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच. लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा असते आणि दरवर्षी निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. सभासद बाहेर पडताना भागाचे पैसे साधारण दर्शनी किमतीनेच परत मिळतात. कारखान्याची किंमत दहा पट झाली तरी १०० रुपयांचा भाग १०० रुपयांचाच राहतो, हे सगळ्यांना आधीच समजलं पाहिजे. इथे फायदा भागाच्या वाढीत नाही. तो टिकलेल्या कामात, मजुरीत आणि करसवलतीत आहे.

खासगी मर्यादित कंपनी. मत भागांच्या प्रमाणात, लाभांशाला टक्क्यांची मर्यादा नाही, भागाची किंमत वाढली तर ती भागधारकाची. खासगी कंपनीला २०० सदस्यांची मर्यादा असली तरी त्या मोजणीत कंपनीचे कर्मचारी-भागधारक धरत नाहीत. धोका असा की दोन-तीन जण इतरांचे भाग हळूहळू विकत घेतात आणि पाच वर्षांत कारखाना पुन्हा एका मालकाचा होतो.

भागीदारी. आठ-दहा जणांना सोपी वाटते. पण साध्या भागीदारीत धंद्याच्या कर्जासाठी प्रत्येकाचं घर आणि शेत जबाबदार धरलं जाऊ शकतं. कामगारांनी या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उत्पादक कंपनी. हळद-बेदाण्याच्या पट्ट्यात शेतकरी उत्पादक कंपन्यांचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं आहे, म्हणून 'आपणही तीच काढू' असं कोणीतरी म्हणतंच. ती शेती व तत्सम प्राथमिक उत्पादन करणारे, हातमाग, हस्तकला आणि कुटीरोद्योगवाले यांच्यासाठी आहे. लेथच्या वर्कशॉपला ती लागू नाही.

दहा ते चाळीस कामगारांचा, मुख्यतः स्वतःच्या श्रमावर चालणारा जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची कामं करून देणारा, कारखाना असेल तर मी सहकारी संस्था सुचवेन. पुढचे टप्पे तेच धरून लिहिलेत. मालक अजून काही वर्षं थांबणार असेल आणि हळूहळू हिस्सा द्यायचा असेल, तर त्याची वाट शेवटी दिली आहे.

थांबा: बैठकीचं इतिवृत्त लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. कोण येणार आणि कोण येणार नाही हे नावानिशी लिहा. 'बघू नंतर' म्हणणाऱ्यांना धरून भांडवलाचा हिशेब मांडू नका.

## टप्पा २: देणी शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मालक सज्जन आहे आणि तीस वर्षांचा संबंध आहे म्हणून हा टप्पा गाळला जातो. संबंध चांगला असेल तर कागद मागणं उलट सोपं जातं.

भविष्य निर्वाह निधी. धंदा हस्तांतरित झाला की हस्तांतरणाच्या तारखेपर्यंतच्या थकबाकीला जुना मालक आणि नवा मालक दोघेही जबाबदार असतात. नव्या मालकाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीपर्यंत असते, म्हणजे काही वेळा सगळाच कारखाना. पीएफ पोर्टलवरची मागच्या पाच वर्षांची चलनं घ्या. प्रत्येक कामगाराने स्वतःचं पासबुक उघडून महिन्या-महिन्याची नोंद जुळवावी. ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याचीही चलनं बघा.

ग्रॅच्युइटी. ताळेबंदात बहुतेक वेळा ही दिसतच नाही. हिशेब साधा आहे: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला २६ ने भागा, १५ ने गुणा आणि नोकरीच्या वर्षांनी गुणा. समजा हा पगार १५,६०० रुपये आहे आणि नोकरी २० वर्षं. दिवसाचे ६००, पंधरा दिवसांचे ९,०००, वीस वर्षांचे १,८०,०००. असे सोळा कामगार असतील तर आकडा २८ लाख ८० हजारांवर जातो. नोकरी अखंड धरून कारखाना घेतलात, तर हे देणं तुमच्या संस्थेच्या डोक्यावर येतं. ते किमतीतून वजा झालंच पाहिजे.

बँकेचा बोजा. मशीनरी आणि शेड कोणत्या बँकेकडे तारण आहे, बाकी किती आहे, हे बँकेच्या पत्रावर घ्या. कंपनी असेल तर कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तारणांची नोंद बघता येते. मालकी संस्था किंवा भागीदारी असेल तर सरसाईच्या, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदणीत शोध घ्या.

वीज. जोडणी नावावर करून मागितली की महावितरण त्या जागेची जुनी थकबाकी नव्या मालकाकडे मागू शकतं. शेवटचं बिल दाखवलं म्हणून थांबू नका, थकबाकी नसल्याचा दाखला घ्या.

जागा. एमआयडीसीचा, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाचा, भूखंड मालकीचा नसतो, भाडेपट्ट्याचा असतो. तो नावावर करायला महामंडळाची लेखी संमती आणि हस्तांतरण शुल्क लागतं. मालक शेड स्वतःकडे ठेवून फक्त धंदा विकत असेल तर भाडेकरार नोंदणीकृत हवा, पोटभाड्याला महामंडळाची परवानगी हवी, आणि मुदत निदान कर्जाच्या मुदतीइतकी हवी. अकरा महिन्यांच्या करारावर सात वर्षांचं कर्ज कोणतीही बँक देणार नाही. पलूस किंवा सांगलीची वसंतदादा वसाहत अशा सहकारी औद्योगिक वसाहतीत भूखंड असेल, तर त्या वसाहत संस्थेची संमती वेगळी लागते.

जीएसटीच्या नोटिसा, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, कारखाना परवान्याची मुदत आणि पुरवठादारांची उधारी यांची साधी यादी करून मालकाची सही घ्या.

तपासा: प्रत्येक देण्यासमोर तीन गोष्टी लिहिल्यात का? रक्कम, पुरावा, आणि ते कोण फेडणार. तिसरा रकाना रिकामा राहिलेलं देणं शेवटी तुमच्याच गळ्यात पडतं.

## टप्पा ३: किंमत

मशीनचं मूल्यांकन चार्टर्ड इंजिनिअरकडून आणि जागेचं नोंदणीकृत मूल्यांककाकडून करून घ्या. बँक पुढे हेच मागणार आहे, म्हणून कोणाचे अहवाल चालतात हे बँकेला आधी विचारा. खर्च मालकाने आणि कामगारांनी निम्मा-निम्मा करावा, म्हणजे अहवाल एका बाजूचा आहे असं कोणी म्हणत नाही.

गुडविलच्या, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाच्या नावाखाली मोठी रक्कम मान्य करू नका. बँका त्यासाठी सहसा कर्ज देत नाहीत, आणि गिऱ्हाईक टिकतं ते मशीनवर उभ्या असलेल्या माणसामुळे. ज्या दोन-तीन कंपन्यांची कामं येतात त्यांच्याकडून 'नव्या संस्थेला काम देऊ' असं पत्र मिळालं, तर बँकेपुढे त्याची किंमत कोणत्याही गुडविलपेक्षा जास्त.

समजा मशीनरी आणि माल मिळून ४८ लाख झाले. त्यातून अंगावर येणारी ग्रॅच्युइटी वजा करा. मालक मान्य करत नसेल तर निदान ठरावीक वर्षांचा भार त्याच्याकडे ठेवा. सगळी रक्कम एकदम देऊ नका. काही भाग दोन-तीन वर्षांच्या हप्त्यांत ठेवा. त्यामुळे मालक काही काळ धंद्याच्या भल्यात बांधलेला राहतो, आणि एखादं लपलेलं देणं निघालं तर ते हप्त्यातून वळतं करता येतं. करारात हे शब्दांत आलं पाहिजे.

सावधान: 'पूर्ण हिशेब मिळाला, यापुढे कोणतीही मागणी नाही' अशा पावतीवर सही करून ग्रॅच्युइटी किमतीत फिरवू नका. कायद्याने मिळणारी ग्रॅच्युइटी कराराने सोडून देता येत नाही, आणि पुढे वाद झाला तर तुम्हीच दावेदार आणि तुम्हीच देणेकरी होऊन बसाल.

## टप्पा ४: संस्था नोंदवा

सर्वाधिक प्रस्ताव या टप्प्यावर त्रुटी काढून परत येतात, म्हणून क्रमाने सांगतो.

१. दहा जण मोजताना कुटुंब बघा. किमान दहा प्रवर्तक, म्हणजे संस्था काढण्यासाठी अर्ज करणारे, हवेत आणि प्रत्येक जण वेगळ्या कुटुंबातला हवा. पती-पत्नी, बाप-लेक, सख्खे भाऊ यांना त्या दहांत दोनदा मोजू नका. आपल्याकडे एका वर्कशॉपमध्ये एकाच गावचे भाऊ-भाऊ कामाला असणं नेहमीचंच आहे, आणि नेमके तेच प्रस्ताव अडकतात. बारा-पंधरा वेगळ्या घरांतले प्रवर्तक ठेवा, म्हणजे एखादं नाव गळालं तरी प्रस्ताव उभा राहतो. बाकीचे नोंदणीनंतर सभासद होऊ शकतात.

२. कार्यक्षेत्र विचार करून लिहा. प्रवर्तक कार्यक्षेत्रात राहणारे हवेत. कुपवाडला कामाला येणारे बरेच जण जयसिंगपूर-शिरोळकडचे असतात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातले. शिरवळला भोर तालुक्यातून येतात, म्हणजे पुणे जिल्ह्यातून. कार्यक्षेत्र फक्त 'कुपवाड' लिहिलंत तर हे सगळे बाहेर पडतात. संपूर्ण जिल्हा लिहा. दोन जिल्हे हवे असतील तर प्रस्ताव कोणत्या कार्यालयात जाईल हे आधी सहकारी संस्थांची नोंदणी बघणाऱ्या जिल्हा उपनिबंधकांकडे विचारा. फौंड्रीत बिहार-उत्तर प्रदेशातले कामगार असतील तर त्यांचा इथला रहिवासाचा पुरावा आधी तयार करा. वर्षानुवर्षं भट्टीपुढे उभं राहिलेल्या माणसाला केवळ कागदाअभावी बाहेर ठेवणं अन्याय आहे.

३. मुख्य प्रवर्तक निवडा. सभा घेऊन ठराव करा. ठरावात तीन गोष्टी हव्यात: संस्थेचं नियोजित नाव, मुख्य प्रवर्तकाला दिलेले अधिकार, आणि खातं कोणत्या बँकेत उघडायचं. नाव राखून ठेवण्यासाठी दोन-तीन पर्याय द्या.

४. खातं उघडा आणि मगच पैसे गोळा करा. निबंधक कार्यालयाची परवानगी आल्यावर सांगली किंवा सातारा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत नियोजित संस्थेच्या नावे खातं निघतं. भाग रक्कम आणि प्रवेश फी प्रत्येकाने आपल्या खात्यातून त्यात भरावी. फोरमनच्या खिशात किंवा त्याच्या गुगल पेवर जमा झालेला पैसा पुढे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

५. भागाची मर्यादा विचारा. एका सभासदाला एकूण भागभांडवलाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त भाग घेता येत नाहीत. शिवाय रुपयांतली कमाल मर्यादा असते आणि ती संस्थेच्या प्रकारानुसार शासनाच्या अधिसूचनेने बदलते. तुमच्या वर्गासाठी ती किती आहे हे लेखी विचारा. माणशी ६०,००० उभे करायचे असतील आणि मर्यादा कमी असेल, तर उरलेली रक्कम उपविधीत (संस्थेच्या स्वतःच्या नियमांत) बसेल त्याप्रमाणे सभासद ठेव म्हणून घ्यावी लागेल. ठेवीची पावती वेगळी, भागाचा दाखला वेगळा.

६. उपविधी. इथे सगळे जण कुठल्यातरी जुन्या संस्थेची प्रत उतरवतात. ते करू नका. नमुना उपविधी घ्या, पण पुढच्या चार मुद्द्यांवर स्वतः बसून लिहा:

- मतदानाचा हक्क असलेला सभासद कोण. प्रत्यक्ष काम करणाराच सभासद, असं लिहा. 'सभासदांच्या श्रमाचा सामूहिक विनियोग' करणाऱ्या संस्थेच्या त्या कामातल्या नफ्याला आयकरात पूर्ण वजावट आहे, पण अट अशी की मतदान श्रम देणारे सभासद, कर्ज देणाऱ्या सहकारी पतसंस्था आणि राज्य सरकार यांच्यापुरतंच असलं पाहिजे. मालकाच्या भावाला किंवा गावच्या पुढाऱ्याला 'मानाचा' मतदार सभासद केलंत की ही सवलत धोक्यात येते.
- निवृत्त, आजारी किंवा मयत सभासदाची भाग रक्कम किती दिवसांत आणि किती हप्त्यांत परत करायची. वारस नोंद पहिल्याच दिवशी भरून घ्या.
- नव्या कामगाराला किती महिन्यांनी सभासद करायचं. हे लिहिलं नाही तर दहा वर्षांत आठ सभासद आणि तीस बिगरसभासद मजूर अशी संस्था होते. तेव्हा नफा सभासदांच्या श्रमाचा होता हेही सांगता येत नाही.
- पगार कोण ठरवणार. हे सर्वसाधारण सभेनं ठरवावं, व्यवस्थापक समितीनं नाही.

७. प्रस्ताव. नमुना अ मधला अर्ज, उपविधीच्या चार प्रती, प्रवर्तकांची यादी व पुरावे, बँकेचा शिल्लक दाखला, इतिवृत्त आणि कारखाना आर्थिकदृष्ट्या कसा चालेल याची योजना. आर्थिकदृष्ट्या न टिकणारी संस्था निबंधक नाकारू शकतात, म्हणून या योजनेत गेल्या तीन वर्षांची उलाढाल आणि गिऱ्हाइकांची पत्रं जोडा. नोंदणी कोणत्या वर्गात करायची यावर जिल्हा उद्योग केंद्रातल्या औद्योगिक सहकाराचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याशी आधी बोलून घ्या. विट्याकडचे यंत्रमाग असतील तर वाट वस्त्रोद्योग विभागाच्या सोलापूरच्या प्रादेशिक कार्यालयातून जाते.

निबंधकांनी दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो न झाल्यास पंधरा दिवसांत प्रस्ताव वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो, आणि तिथेही दोन महिन्यांत निर्णय झाला नाही तर संस्था नोंदली गेली असं मानलं जातं. म्हणून अर्ज दिल्याची शिक्क्यासह पोच जपून ठेवा. त्रुटीचं पत्र आलं तर उत्तर लेखीच द्या. 'साहेबांना सांगितलंय' याला तारीख नसते.

तपासा: नोंदणी प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय मालकाशी विक्री करार नाही आणि टोकनही नाही. मालकाला घाई असेल तर फक्त एक समजुतीचं पत्र करा: किती महिने तो दुसऱ्याला विकणार नाही आणि कोणत्या अटी पूर्ण झाल्यावर करार होईल.

## टप्पा ५: पैसा आणि सरकारी मदत

नोंदणीनंतर लगेच संस्थेचं पॅन, जीएसटी आणि उद्यम नोंदणी. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर उद्योग सूक्ष्म धरला जातो, म्हणजे आपल्याकडची बहुतेक वर्कशॉपं त्यातच बसतात. जुन्या मालकाचा उद्यम क्रमांक तुम्हाला चालत नाही, कारण पॅन वेगळं आहे. पहिलं चलन फाडण्याआधी स्वतःचा क्रमांक घ्या. गिऱ्हाईक कंपनीने ४५ दिवसांपलीकडे पैसे अडकवले तर सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे दाद मागताना हीच तारीख बघितली जाते.

आता मदत कशाची आणि कधी:

कर्जाची हमी. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या पतहमी निधीतून, म्हणजे सीजीटीएमएसईतून, विनातारण कर्जाला हमी मिळते. १ एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटी आहे. कामगारांकडे तारण द्यायला काही नसतं, म्हणून तुमच्यासाठी ही सगळ्यात उपयोगाची मदत. पण ही हमी बँकेला मिळते, तुम्हाला नाही. अर्जही बँकच करते. 'सीजीटीएमएसई मंजूर करून देतो' म्हणणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवा. तुमची बँक त्या निधीची सदस्य आहे का, आणि जुन्या मशीनच्या खरेदीला ती हमी घेईल का, हे दोन प्रश्न शाखेत पहिल्याच भेटीत विचारा.

राष्ट्रीय सहकार विकास निगम. निगमच्या युवा सहकार योजनेत नव्या कल्पनेवर उभ्या असलेल्या सहकारी संस्थांना पाच वर्षांपर्यंतचं कर्ज आणि व्याजात २ टक्के सवलत आहे. संस्था किमान तीन महिने चालू असावी लागते. अर्थ उघड आहे: कारखाना ताब्यात घ्यायला हे पैसे येणार नाहीत. नंतर सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) घ्यायचं किंवा नवं उत्पादन सुरू करायचं तेव्हा उपयोगी पडतील. निम्म्याहून अधिक सभासद महिला असतील, जसं तासगावकडच्या बेदाणा निवडीच्या शेडमध्ये सहज होऊ शकतं, तर नंदिनी सहकार योजना बघा.

राज्याचं भागभांडवल. सहकार कायद्यात राज्य सरकारने संस्थेचे भाग घेण्याची, कर्ज किंवा हमी देण्याची तरतूद आहे. तिच्या भरवशावर खरेदीचा हिशेब मांडू नका. जिल्हा उद्योग केंद्रात अर्ज जरूर द्या, पण आराखडा त्याशिवाय उभा राहिला पाहिजे.

आयकर. वर सांगितलेली वजावट मिळवायला विवरणपत्र मुदतीत भरणं बंधनकारक आहे. एक दिवस उशीर झाला तरी वर्षाची सवलत जाऊ शकते. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. सी.ए. जुन्या ८०पी कलमाच्या नावाने बोलला तर नव्या कायद्यातलं कलम त्याच्याकडून लिहून घ्या.

आणि काय मिळत नाही तेही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम यांचं अनुदान नव्या उद्योगाला असतं. चालू कारखाना नव्या नावाने दाखवून अर्ज करण्याचा सल्ला देणारे भेटतात. स्थळपाहणीत जुनी मशीन, जुनी वीज जोडणी आणि जुने कामगार दिसतातच. अनुदान गेलं तरी चालेल, पण खोटी माहिती दिल्याचा ठपका नव्या संस्थेला परवडणारा नाही. तसंच प्रत्येकाने स्वतंत्र मुद्रा कर्ज काढून भाग भरायचे, हेही करू नका. ते कर्ज स्वतःच्या व्यवसायासाठी असतं आणि हप्ता पगारातून जाऊ लागला की संस्थेचा पगार वाढवण्याचा दबाव पहिल्याच महिन्यात सुरू होतो.

एकूण गरजेच्या वीस-पंचवीस टक्के रक्कम स्वतःची धरा. आणि बँकेकडे जाताना खेळतं भांडवल विसरू नका. आपल्या भागातली मोठी गिऱ्हाइकं साठ-नव्वद दिवसांनी पैसे देतात. मशीन घेण्यात सगळा पैसा संपला तर दुसऱ्या महिन्यात लोखंड उधार आणावं लागतं आणि तिसऱ्या महिन्यात पगार थांबतो.

सावधान: आयुष्यभराची पीएफ किंवा ग्रॅच्युइटीची रक्कम भागात ओतू नका. पन्नाशी ओलांडलेल्या कामगाराने तर मुळीच नाही. नोकरी आणि बचत एकाच शेडवर टांगली तर कारखाना अडचणीत येताच दोन्ही जातात.

## टप्पा ६: हस्तांतरण

चालता धंदा एकत्रित विकला, म्हणजे मालमत्ता आणि देणी मिळून एका रकमेला, तर त्या हस्तांतरणावर जीएसटी लागत नाही. मशीन सुटी सुटी विकली तर प्रत्येकावर लागतो. मालकाची शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-०२ या फॉर्मने आणि सी.ए.च्या प्रमाणपत्रासह संस्थेकडे वळवता येते. हे करार व्हायच्या आधी ठरवायचं असतं, नंतर दुरुस्त होत नाही. मालकाला भांडवली नफ्यावर कर बसेल, त्यामुळे त्याच्या सी.ए.ला सुरुवातीपासून बैठकीत बसवा.

करारात ही वाक्यं हवीतच: कामगारांची नोकरी अखंड धरली जाईल आणि सेवाशर्ती आधीपेक्षा कमी नसतील. हस्तांतरणाच्या तारखेपर्यंतची न दाखवलेली देणी मालकाची. ती निघाल्यास हप्त्यातून वळती होतील. मालक ठरावीक काळ त्याच गिऱ्हाइकांसाठी दुसरीकडे काम काढणार नाही. जे कामगार सभासद होत नाहीत त्यांचीही नावं करारात लिहा. ज्यांची नोकरी पुढे चालणार नाही त्यांना कायद्याने कपातीची भरपाई द्यावी लागते.

क्रम असा ठेवा: महामंडळाची संमती, जुन्या बँकेचं नाहरकत पत्र, नव्या कर्जाची मंजुरी, करारावर सह्या व मुद्रांक, कर्जातून थेट जुन्या बँकेला भरणा, बोजा उतरल्याची नोंद, आणि मग ताबा. कर्जाची रक्कम मालकाच्या हाती देऊन 'तुम्ही बँकेचं मिटवा' असं कधीही करू नका.

ताब्यानंतर पीएफचा नवा कोड, वीज जोडणी, कारखाना परवाना, प्रदूषण मंडळाची संमती आणि विमा संस्थेच्या नावावर करा. पीएफबद्दल एक गैरसमज फार आहे: सहकारी संस्थेला पीएफ लागत नाही. ५० पेक्षा कमी माणसं असलेल्या आणि विजेच्या यंत्राशिवाय चालणाऱ्या सहकारी संस्थेला ती सूट आहे. तुमचे लेथ विजेवर चालतात.

## टप्पा ७: पहिलं वर्ष

नोंदणीपासून तीन महिन्यांत पहिली सर्वसाधारण सभा. आर्थिक वर्ष संपल्यावर जुलैअखेर लेखापरीक्षण, सप्टेंबरअखेर वार्षिक सभा आणि विवरणपत्रं. समितीत महिलांच्या आणि आरक्षित जागा ठेवायच्या असतात. सभासदांत तो वर्ग नसेल तर ती जागा कशी दाखवायची हे निबंधक कार्यालयाकडून लेखी घ्या.

शेडमध्ये एक फळा लावा आणि दर महिन्याला त्यावर चार आकडे लिहा: आलेलं काम, वसूल झालेले पैसे, थकलेले पैसे, बँकेतली शिल्लक. कामगार मालक झाला तरी त्याला हिशेब दिसत नसेल, तर तो पहिल्या वाईट महिन्यात समितीवर संशय घेतो. कायद्यात हा फळा नाही, पण मी तो अनिवार्यच मानतो. कामगार संघटना असेल तर ती बंद करू नका, आणि समितीचे पदाधिकारी व संघटनेचे पदाधिकारी वेगळे ठेवा.

## मालक अजून थांबणार असेल तर

मग घाईने संस्था काढायची गरज नाही. धंदा खासगी कंपनीत असेल तर कर्मचारी भाग विकल्प, म्हणजे इसॉप (ठरलेल्या किमतीला कंपनीचे भाग पुढे घेण्याचा हक्क), देता येतो. संचालक मंडळाचा आणि भागधारकांचा ठराव, योजनेचा मसुदा, मग प्रत्येकाला पत्र. विकल्प दिल्यापासून तो हक्क पक्का होईपर्यंत किमान एक वर्ष जावं लागतं. कायम कर्मचाऱ्यांनाच देता येतो, कंत्राटदाराकडच्या माणसाला नाही. प्रवर्तक आणि १० टक्क्यांपेक्षा जास्त भाग असलेले संचालक यातून वगळलेले आहेत, स्टार्टअपला काही वर्षं यात मोकळीक आहे.

चूक कराच्या बाबतीत होते. कर्मचाऱ्याने भाग घेतला की त्या दिवशीचं बाजारमूल्य आणि त्याने भरलेली रक्कम यातला फरक त्याचा पगार धरला जातो आणि त्यावर कर कापला जातो. हातात पैसा आलेला नसतो, भाग विकायला बाजार नसतो, आणि कर मात्र त्याच महिन्यात. हा कर पुढे ढकलण्याची सवलत फक्त पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना आहे, आणि त्यासाठी केंद्राची स्टार्टअप मान्यता पुरत नाही, आंतरमंत्रालयीन मंडळाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. साताऱ्यातल्या साध्या मशीन शॉपला ते मिळण्याची शक्यता कमी. म्हणून भाग कमी मूल्याच्या काळात, थोडे थोडे, दरवर्षी द्या, आणि निवृत्तीच्या वेळी कंपनी किंवा ट्रस्ट ते कोणत्या सूत्राने परत घेईल हे योजनेतच लिहा. भाग वाटल्यावर ३० दिवसांत पीएएस-३ फॉर्म भरायचा आणि विकल्पांची नोंदवही एसएच-६ नमुन्यात ठेवायची. दरवर्षी ही नोंदवही प्रत्येक कामगाराला दाखवून त्याच्या नावापुढे त्याची सही घ्या.